चकाकीची किंमत आणि जीपगाडीचे मोल

मराठीत 'किंमत' आणि 'मोल' हे दोन शब्द आपण बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. पहिला अरबीतून फारसीच्या वाटेने आला, दुसरा संस्कृत 'मूल्य'वरून घडला. व्यवहारात मात्र दोघांनी आपापली कामे वाटून घेतलेली दिसतात. किंमत सांगितली जाते, पाडली जाते, चुकवली जाते. मोल जाणावे लागते. शिवाय 'मोलमजुरी', 'मोलकरीण' या शब्दांत मोलाला श्रमाचा वास आहे, तो किमतीला नाही. हे सारे आठवण्याचे निमित्त तसे गद्यच आहे. एखादी जुनी, नीट राखलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप विकायची वा घ्यायची असेल, तर तिचे मूल्यमापन कसे करावे, हा तो प्रश्न. हा प्रश्न आज ज्या रीतीने सोडवला जातो ती रीत मुळातच चुकीची आहे, आणि तिच्यामुळे केवळ काही कुटुंबांचे पैसे बुडतात असे नव्हे, तर आपल्या भौतिक इतिहासाचा एक तुकडा आपल्याच हातांनी घासून पुसला जातो, असे आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या अध्यापकांनी जीपगाड्यांच्या भावात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते, जतन कशाला म्हणावे आणि सजावट कशाला, हा वाद आमच्या घरचा आहे. पोथ्यांच्या बाबतीत तो शंभर वर्षे चालला आणि त्यातून काही शहाणपण हाती आले. ते शहाणपण गॅरेजच्या दारापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

प्रथम 'राखलेली' म्हणजे काय ते पाहू. आज बाजारात 'वेल मेंटेन्ड' म्हणून जी जीप दाखवली जाते ती बहुधा नटवलेली असते. पत्रा घासून, खड्डे लांबीने भरून, वर आरशासारखा रंग मारलेला. मूळचे अरुंद टायर काढून रुंद टायर घातलेले. साध्या गाद्यांच्या जागी चामड्यासारख्या दिसणाऱ्या बैठका. पुढे विंच, वर दिव्यांची रांग. याच्या शेजारी दुसरी जीप उभी करा. रंग फिका झालेला, बॉनेटच्या कडेला पत्रा उघडा पडलेला, स्टिअरिंगचे चाक हातांच्या घामाने गुळगुळीत झालेले, पण फ्रेम सरळ, इंजिन तेच, पाट्या जागेवर, कागद पूर्ण. बाजाराचा डोळा पहिलीवर खिळतो आणि दुसरीला 'खर्च काढावा लागेल' म्हणून भाव पाडून मागतो. वास्तविक दुसऱ्या गाडीत जे आहे ते कोणत्याही खर्चाने आणता येत नाही, आणि पहिल्या गाडीत जे आहे ते कोणालाही केव्हाही विकत घेता येते. जी गोष्ट पुन्हा मिळवता येते तिला जास्त दाम आणि जी मिळवता येत नाही तिला कमी, असा हा उफराटा हिशेब आहे.

यावर बाजारवादी म्हणतो, 'गिऱ्हाईक देईल ती किंमत. बाकी सारे कवित्व.' हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे: बाजार म्हणजे पुष्कळ खरेदीदार, पुष्कळ विक्रेते आणि दोघांनाही वस्तूची माहिती. कांद्याच्या बाबतीतसुद्धा हे पुरते खरे नसते. जुन्या जीपच्या बाबतीत तर मुळीच नाही. एका जिल्ह्यात वर्षभरात अशा मोजक्याच गाड्या हात बदलतात. त्यांचे व्यवहार तोंडी होतात, खरी रक्कम कागदावर येतेच असे नाही. मग 'बाजारभाव' म्हणून आपल्यापुढे येतो तो प्रत्यक्ष व्यवहाराचा आकडा नसून कोणीतरी जाहिरातीत मागितलेला आकडा असतो. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. चार जणांच्या इच्छांची सरासरी काढून तिला भाव म्हणणे म्हणजे चार उपवर मुलांच्या अपेक्षा मोजून गावातल्या मुलींची संख्या काढण्यासारखे आहे.

दुसरा हिशेबनीस विम्याचा. मोटार विम्यात गाडीचे 'घोषित मूल्य' काढण्याचे ठरलेले कोष्टक आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस, पाचपर्यंत पन्नास. पाच वर्षांपलीकडे, तसेच ज्यांचे उत्पादन थांबले आहे अशा गाड्यांसाठी, कोष्टक हात टेकते आणि विमेदार व विमा कंपनी यांनी परस्परसंमतीने मूल्य ठरवावे असे सांगते. हे आम्हांला प्रामाणिक वाटते. कोष्टकाला आपली मर्यादा कळते. ती न कळणारे आपण आहोत. पंचावन्न वर्षांच्या जीपलाही आपण मनातल्या मनात तोच घसारा लावतो आणि म्हणतो, 'आता हिचे काय उरले?' वस्तुतः काही वस्तूंच्या आयुष्यात एक वळण येते. त्या वळणापर्यंत प्रत्येक वर्ष मूल्य कमी करते. त्यानंतर, वस्तू अभंग राहिली असेल तर, प्रत्येक वर्ष ते वाढवते. ते वळण कोणत्या वर्षी येते हे कोष्टक सांगू शकत नाही, कारण ते वस्तूच्या वयावर अवलंबून नसून तिच्यासारख्या किती उरल्या यावर अवलंबून असते.

आता खुद्द जीपकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. विलिसची 'एमबी', फोर्डची 'जीपीडब्ल्यू'. आराखडा एकच, चाकांमधले अंतर ऐंशी इंच, चार सिलिंडरांचे १३४ घनइंचांचे, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. युद्ध संपल्यावर यांतल्या काही लष्करी भांडारांतून लिलावात निघाल्या आणि नागरी जीवनात शिरल्या. इकडे १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड महंमद' या कंपनीने, जी १९४८ पासून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली, विलिसच्या जीपगाड्या भारतात आणून मुंबईत माझगावला त्यांची जोडणी सुरू केली. पुढे 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचे रूप इथे रुजले आणि अमेरिकेत १९६८ साली त्याचे उत्पादन थांबल्यावरही इथे दीर्घकाळ चालू राहिले. ते बॉनेट उंच का, याचे कारणही ठाशीव आहे: नव्या इंजिनात आत येणारी झडप वरच्या भागात गेली, इंजिनाची उंची वाढली, म्हणून झाकणही वर उचलावे लागले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला 'जीपगाडी' म्हणून जी माहीत आहे ती प्रामुख्याने ही. तहसीलदाराची, गटविकास अधिकाऱ्याची, वनखात्याची, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची. निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगेपाशी धुरळा उडवत थांबणारी. सरकार नावाची अमूर्त वस्तू खेड्यात जीपच्या रूपाने येत असे. पुढे हीच गाडी निवृत्त होऊन लिलावात निघाली आणि शेतकऱ्याच्या, कंत्राटदाराच्या, वडापवाल्याच्या दारी आली. सत्तेचे वाहन मोलमजुरीचे वाहन झाले. एका यंत्राच्या आयुष्यात एवढा सामाजिक प्रवास क्वचितच घडतो.

आणि या गाडीचे आज आपण काय करतो? तिला अमेरिकन सैनिकाचा पोशाख चढवतो. हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला कोठल्यातरी युद्धातला क्रमांक, आणि जाहिरातीत 'विलिस, १९४२'. जी कधी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली नाही, जी जन्मभर माण-खटावच्या माळावर फिरली, तिला आपल्या चरित्राची लाज वाटावी अशी व्यवस्था आपण करतो. कारण बाजारात युद्धवीराला भाव आहे, ग्रामसेवकाला नाही. हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. आपल्या आयुष्याला प्रतिष्ठा यायची असेल तर ते दुसऱ्याच्या आयुष्यासारखे दिसले पाहिजे, हा जो आपल्या मध्यमवर्गीय मनाचा जुना रोग आहे, त्याचेच हे पत्र्यावरचे रूप आहे.

बरे, हा बनाव टिकाऊ तरी असावा! ज्याला वाचता येते त्याच्यापुढे तो पाच मिनिटे टिकत नाही. युद्धकाळातली जीप डाव्या बाजूने चालवायची असे. भारतीय जोडणीची उजव्या. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या जाळीत, अगदी सुरुवातीच्या पट्ट्यांच्या जाळीचा अपवाद सोडल्यास, नऊ फटी. नागरी जीपच्या जाळीत सात. लष्करी गाडीला मागे उघडणारे फळकूट नसे, पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असे आणि तिचे तोंडही तिथेच. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर असत, म्हणजे रात्री इंजिनात काम करताना तेच दिवे आत वळवता येत. फोर्डने आपल्या असंख्य सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, 'एफ' हे अक्षर कोरले. विलिसच्या फ्रेमचा पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या चरीसारखा. उंच बॉनेटच्या, उजव्या स्टिअरिंगच्या, सात फटींच्या जीपवर तारा रंगवून तिला १९४२ ची म्हणणे म्हणजे मोडीच्या कागदावर छापील देवनागरीत शिवकालीन तारीख घालण्यासारखे आहे. आणि अस्सल दिसणाऱ्या पाट्यांवरही भिस्त ठेवू नये. माहितीच्या पाट्यांच्या नकला मिळतात. फिलिपिन्समध्ये तर युद्धकालीन जीपची संपूर्ण नवी बॉडी तयार होते. ती बनवणे गैर नाही. तिला जुनी म्हणणे गैर आहे.

इथे आमच्या शास्त्राची आठवण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ पर्यंत चालले. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी असंख्य हस्तलिखिते ताडून संहिता निश्चित केली. पण त्यांचा खरा मोठेपणा आम्हांला दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. जे श्लोक मूळ संहितेत बसत नाहीत असे ठरले ते त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत त्यांची नोंद ठेवली. वरती संहिता, खाली पाठभेद. वाचकाला दोन्ही दिसतात, आणि संपादकाचा निर्णय तपासताही येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि आपण ती केल्याचे सांगून ठेवले. म्हणून एकनाथांचा हात लागलेली प्रत खोटी ठरत नाही. तो हात तिच्या इतिहासाचा भाग होतो. खोटी ठरते ती अशी प्रत, जिच्यात कोणीतरी चार ओव्या घुसडल्या आणि मौन पाळले.

नियम असा निघतो: नोंदलेला बदल हा इतिहास, लपवलेला बदल हा दोष. जीपच्या मूल्यमापनाला यापेक्षा चांगला नियम आम्हांला सापडलेला नाही. पेट्रोलचे दर परवडेनासे झाले तेव्हा असंख्य मालकांनी आपल्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. काहींनी तो बदल आरटीओकडून मंजूर करून आरसी बुकात नोंदवला; काहींनी नुसताच केला. बाजार या दोहोंत फारसा फरक करत नाही, दोन्ही 'डिझेलवाल्या'. आमच्या मते पहिली गाडी ही आपल्या काळाचा प्रामाणिक दस्तऐवज आहे. तिच्यात तेलाच्या भाववाढीचा इतिहास आहे, स्थानिक मिस्त्रीची बुद्धी आहे, आणि चाळीस वर्षांची अखंड सेवा आहे. दुसरी गाडी कितीही गोंडस असली तरी तिच्या किमतीतून कायदेशीर जोखमीचा मोठा हिस्सा वजा झाला पाहिजे. ही जोखीम काल्पनिक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मज्जाव करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे असा निर्वाळा दिला की अशा फेरबदल केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी ऑर्डरप्रमाणे घडवलेल्या जीपगाड्यांची हौस देशभर पसरली आहे. ती हौस ज्यांना करायची त्यांनी करावी. पण अशा गाडीचे 'व्हिंटेज' म्हणून मूल्यमापन करणे ही शुद्ध दिशाभूल होय.

'व्हिंटेज' या शब्दाचीही एकदा झडती घ्यायला हवी. इंग्लंडमधील जुन्या मोटारींच्या काटेकोर परिभाषेत १९३० नंतरची गाडी व्हिंटेज नव्हेच. म्हणजे त्या मापाने कोणतीही जीप त्यात बसत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि फ्रेम, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ती व्हिंटेज. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठी तिने रस्त्यावर यावे. रोजच्या वा व्यापारी वापरासाठी नाही. हे नियम झाले हे बरेच झाले. 'मूळ स्वरूप' या गोष्टीला कायद्याने प्रथमच मोल दिले. पण त्यांची बोचणारी बाजू दुर्लक्षिता येत नाही. ज्या गाडीने आपला इंजिनबदल प्रामाणिकपणे नोंदवला ती या व्याख्येबाहेर फेकली जाते. ज्या गाडीवर गेल्या वर्षी गुपचूप सगळे नवे चढवले तिला मात्र कागदावर काहीच नोंद नसल्याने आत शिरण्याची संधी राहते. खरे सांगणारा बाहेर आणि गप्प राहणारा आत, अशी ही चाळणी आहे. म्हणून 'व्हीए' क्रमांक मिळणे म्हणजे मूल्याचा अखेरचा दाखला, असे कोणी समजू नये. शिवाय जी जीप आजही शेतावर रोज धावते तिच्या मालकाला त्या क्रमांकाचा उपयोगही नाही. त्याच्यासाठी वापरण्याचा हक्क हाच मूल्याचा मोठा अंश आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 'जीप ही पोथी नव्हे. पोथी कपाटात राहते, जीपला घाट उतरायचा असतो. मूळ म्हणून कुजलेली ब्रेकची नळी ठेवली तर मालकच इतिहासजमा होईल.' अगदी मान्य. ब्रेकच्या नळ्या, रबरे, टायर, बॅटरी, वायरिंग, पट्टे, गॅस्केट हे झिजण्यासाठीच जन्मलेले भाग आहेत. ते वेळेवर बदलले असणे हा जतनाचाच पुरावा. त्यांची तुलना पोथीच्या शाईशी नव्हे, तिच्या बासनाशी करावी. बासन फाटले की बदलायचे असते. परंतु फ्रेम, बॉडीचा पत्रा, इंजिनाचा मूळ सांगाडा, गिअरपेटी, ट्रान्स्फर केस, दोन्ही ॲक्सल, पाट्या आणि जिथे शिल्लक असेल तिथे मूळ रंग ही संहिता आहे. आक्षेपकांची गफलत अशी की बासन बदलण्याच्या परवान्यावर ते शाई खरवडून काढतात. सुरक्षिततेच्या नावाखाली नवे ब्रेक बसवताना पत्र्यावरचा मूळ रंग का घासावा लागतो, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

दुसऱ्या टोकाला भावुक मालक उभा असतो. 'आमच्या आजोबांची गाडी, तिची किंमत होऊच शकत नाही.' ही भावना आम्हांला परकी नाही. पण तिच्यातून मूल्यमापन निघत नाही. 'अमूल्य' म्हटलेल्या वस्तूंची दोनच ठिकाणी गाठ पडते, देवघरात किंवा भंगारात. कारण जिचे मोल ठरवले नाही तिचा विमा उतरत नाही, वाटणीत तिचा उल्लेख होत नाही, दुरुस्तीला पैसा निघत नाही. गोठ्याच्या मागे ती उभी राहते, चार पावसाळे खाते, आणि एक दिवस कोणीतरी येऊन लोखंडाच्या वजनाने घेऊन जातो. अमूल्यत्वाची परिणती किलोच्या भावात होते, हे आपल्याकडे घरोघरी घडलेले आहे.

मग करावे काय? आमच्या मते मूल्यमापन या क्रमाने व्हावे. आधी ओळख. आरसी बुकातला फ्रेमचा आणि इंजिनाचा क्रमांक धातूवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल किंवा घासलेला असेल तर पुढची पाने उलटू नयेत. त्यानंतर कागद: नोंदणी, कर, मालकीची साखळी, फेरबदलांच्या नोंदी, लष्करी वा सरकारी लिलावातून आलेली असल्यास त्याचा पुरावा. तिसरी गोष्ट सांगाडा. गाडीखाली शिरून फ्रेम पाहावी, विशेषतः पाट्यांच्या बैठकींजवळ पडलेल्या चिरा आणि त्यांवर केलेली वेल्डिंग. फरशीच्या पत्र्याखालचे आधार बोटाने दाबून पाहावेत. दाराजवळ आणि चाकांवरच्या पत्र्यावर चुंबक फिरवावे, कारण लांबीला चुंबक चिकटत नाही. चौथी गोष्ट पूर्णता: काय काय मूळ आहे आणि काय नाही, याची यादी. मूळ रंगाचा शोध डॅशबोर्डच्या मागे, पाट्यांखाली, कप्प्याच्या आत घ्यावा. रंगाऱ्याचा हात तिथे पोहोचत नाही. शेवटी चालवून पाहावी. चारही चाकांची ओढ जोडावी आणि सोडवावी. कमी गतीचा गिअर टाकावा. जी फोर-व्हील ड्राइव्ह प्रत्यक्षात दोनच चाकांवर चालते तिला त्या नावाने विकणे ही साधी फसवणूक आहे.

हे झाल्यावर आकड्याकडे यावे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्याच जातीच्या, चालू, पूर्ण आणि स्वच्छ कागदांच्या गाड्या प्रत्यक्षात किती रकमेला गेल्या याचा तपास करावा. मागितलेल्या किमती वहीत लिहूच नयेत. त्या रकमेतून, आपल्या गाडीत जे नाही ते मिळवून बसवण्याचा खरा खर्च वजा करावा, तोही मिस्त्रीकडून लेखी घेऊन. झीज, फिका रंग, बैठकीची ठिगळे यांसाठी काहीही वजा करू नये. उलट अखंड मूळपणासाठी अधिक करावे. आणि मालकाने सजावटीवर केलेला खर्च कधीही जमेस धरू नये. समजा, एखाद्याने गाडीवर चार लाख रुपये घातले. तो म्हणतो, गाडीची किंमत चार लाखांनी वाढली. का वाढावी? विहिरीवर खर्च केला म्हणून पाणी लागतेच असे नाही. त्या चार लाखांपैकी काही रक्कम मूळ पत्रा कापण्यात आणि मूळ रंग घासण्यात गेली असेल, तर तेवढ्या रकमेने मूल्य घटले आहे. पैसे देऊन नुकसान विकत घेता येते, ही गोष्ट हिशेबनिसांना पटत नाही. पण घरांची, देवळांची, पुतळ्यांची आपल्याकडची रंगरंगोटी ज्याने पाहिली आहे त्याला ती पटवून देण्याची गरज नाही.

आमचे हे म्हणणे हवेतले नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, 'फीवा'ने, स्वीकारलेली ट्युरिनची सनद नवे करण्यापेक्षा जतनाला अग्रक्रम देते. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. त्या प्रदर्शनातील हरवलेली गाडी इंग्लंडमध्ये सोलिहलच्या परिसरात एका बागेत पडलेली सापडली आणि २०१८ साली खुद्द उत्पादकाने तिचे काम हाती घेतले. तेव्हा त्यांनी जाहीर केलेले धोरण होते तिच्या भागांवरची काळाची छाया शक्यतो टिकवण्याचे. ज्याला हवे तेवढे नवे पत्रे कापून घेता आले असते त्याने जुना पत्रा राखायचे ठरवले. हे भावुकतेचे लक्षण नव्हे. नवा पत्रा कोणीही देऊ शकतो, सत्तर वर्षे कोणी देऊ शकत नाही, हा त्यामागचा रोकडा व्यवहार आहे.

प्रश्न शेवटी कोणाचे काय जाते, हा आहे. जाते त्याचे, ज्याच्या दारी ती फिक्या रंगाची जीप उभी आहे. त्याला सांगितले जाते की ही भंगार आहे. तो भंगाराच्या भावात देतो. घेणारा तिच्यावर लांबी चढवतो, तारा रंगवतो, खोटे वर्ष चिकटवतो आणि शहरातल्या हौशी माणसाला कित्येक पटींनी विकतो. पहिल्याचे पैसे गेले, कारण त्याला आपल्या वस्तूचे मोल कळू दिले नाही. दुसऱ्याचे पैसे गेले, कारण त्याला खोटी वस्तू मिळाली. आणि तिसरे, जे कोणाच्याच खात्यात मांडले जात नाही, ते म्हणजे त्या गाडीचे खरे चरित्र. ते सँडपेपरच्या भुकटीबरोबर गटारात जाते. मधल्या माणसाला झालेला नफा या तीन नुकसानींच्या बेरजेतून आलेला असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मूल्यमापन करणाराने एक आकडा सांगून मोकळे होऊ नये. आकड्याखाली पाठभेद द्यावेत: काय मूळ, काय बदललेले, केव्हा, कोणाकडून, नोंद आहे की नाही. विकणाऱ्याने ते मागावेत, घेणाऱ्याने तर मागावेतच. ज्या गाडीला असा कागद नाही तिची चकाकी कितीही असो, तिला सजवलेली गाडी म्हणावे आणि तेवढाच भाव द्यावा. आणि ज्या कोणाच्या घरी अशी जीप असेल त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी आरसी बुक शोधावे, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसून ती केव्हा आली, कोठून आली, कोणी चालवली, इंजिन कोणी बदलले, हे लिहून काढावे. त्या दोन पानांइतकी तिच्या मोलात भर दुसरा कोणताही खर्च घालू शकणार नाही.